जिओजेब्रा : अंतर्लिखित कोन मध्येच 250 अंश दाखवतो, मदत हवी आहे

फळा-खडू :
नमस्कार. दहावीच्या वर्गाला अंतर्लिखित कोनाचे प्रमेय (वर्तुळावरील बिंदूशी होणारा कोन त्याच कंसाच्या केंद्रीय, म्हणजे वर्तुळकेंद्राशी होणाऱ्या, कोनाच्या निम्मा असतो) जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरवर दाखवायचे आहे आणि तास उद्याच आहे. आकृती तयार आहे, कोनही मोजून झाले आहेत. परंतु बिंदू सरकवताना आतापर्यंत 70 अंश दाखवणारा कोन एकाएकी 250 अंश होतो आणि बाहेरच्या बाजूने मोठी कमान उमटते. मुलांनी हे पाहिले तर प्रमेय राहील बाजूला आणि सगळा तास त्या 250 वर जाईल. काय करायचे तेवढेच कृपया सांगावे. सिद्धता मला येते.

त्रिज्या :
कोणता बिंदू सरकवता आहात, तो वर्तुळावर कुठे गेल्यावर असे होते आणि कोन मोजताना बिंदूंवर कोणत्या क्रमाने क्लिक केले होते, हे कळल्याशिवाय नेमके सांगणे अवघड आहे. जिओजेब्रा कोन नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते, त्यामुळे शिरोबिंदू पी असेल तर ‘ए, पी, बी’ आणि ‘बी, पी, ए’ या दोन क्रमांनी दोन वेगळी मापे मिळतात.

कोनाडा :
एवढ्या चौकशीची गरज नाही. कोनावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि कोनाची मर्यादा 0 ते 360 ऐवजी 0 ते 180 करा. प्रविशाल कोन, म्हणजे 180 अंशांहून मोठा कोन, पुन्हा दिसणार नाही.

फळा-खडू :
केले. 250 गेले आणि 110 आले. पण केंद्रीय कोन अजूनही 140 च दाखवतो आहे. 140 चे निम्मे 110 कसे, असे पहिल्या बाकावरूनच विचारले जाईल.

कंपासपेटी :
माझे मत थोडे वेगळे आहे. मुलांनी हे प्रमेय आधी कंपास आणि कोनमापक घेऊन वहीत पडताळावे, पडद्यावर नंतर पाहावे. सॉफ्टवेअरमध्ये 20 अंश लिहिले की 20 अंशांचा कोन तयार मिळतो, त्यामुळे पट्टी-कंपासने तो काढताच येत नाही, हे फ्रेंच गणिती वाँझेल यांनी 1837 मध्ये सिद्ध केले होते, याची मुलांना जाणीवच होत नाही.

कोनाडा :
कंपासपेटी, वहीतल्या आकृतीतला बिंदू सरकत नाही, अडचण तिथे आहे. शिवाय जिओजेब्रातही दोन समान त्रिज्यांची वर्तुळे छेदून 60 अंशांचा कोन काढता येतो आणि आकृती कितीही ओढली तरी तो 60 च राहतो. नजरेने जुळवून ठेवलेला कोन मात्र पहिल्याच ओढीत बिघडतो. रचना आणि नुसते चित्र यांतला हा फरक मला वहीत कधी दाखवता आला नाही.

अंशुमाली :
कोन काढताना माप लिहिल्यावर अंशाचे चिन्ह पुसले गेले आहे का, ते पाहावे. चिन्ह नसेल तर ती संख्या रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) धरली जाते. 60 लिहिले तर 197.75 अंशांचा कोन उमटतो. अनेकांचा घोटाळा इथेच होतो.

फळा-खडू :
माहितीबद्दल आभार, परंतु मी कोणताही कोन माप लिहून काढलेला नाही, सर्व मोजलेले आहेत. सरकवते आहे तो बिंदू पी, तो वर्तुळावर आहे आणि बी ओलांडला की आकडा बदलतो. क्लिकचा क्रम ए, पी, बी. केंद्राशी ए, ओ, बी.

त्रिज्या :
आता उलगडा झाला. पी विशालकंसावर (ए आणि बी मधल्या मोठ्या कंसावर) असताना कोन लघुकंस (लहान कंस) अंतर्खंडित करतो, म्हणजे तो कंस कोनाच्या भुजांमध्ये येतो; तो कंस 140 अंशांचा, म्हणून 70. पी बी ओलांडून लघुकंसावर आला की अंतर्खंडित कंस बदलतो, तो 220 अंशांचा विशालकंस होतो आणि कोन 110 व्हायला हवा. सॉफ्टवेअर मात्र त्याच क्रमाने, त्याच दिशेने मोजत राहते, म्हणून 360 मधून 110 वजा जाऊन 250 दिसतात. कोनाडा यांचा उपाय अंतर्लिखित कोनापुरता योग्य आहे. केंद्रीय कोनाला तो मुळीच लावू नये, कारण तिथे 220 हेच खरे माप आहे. बी, ओ, ए अशा क्रमाने दुसरा केंद्रीय कोन मोजा, त्याची मर्यादा 0 ते 360 ठेवा आणि पी लघुकंसावर आला की 140 लपवून 220 दाखवा.

कोनाडा :
उद्याच्या तासासाठी हा खटाटोप कशाला? पी पूर्ण वर्तुळावर ठेवूच नका. केंद्र ओ, मग बी, मग ए या क्रमाने वर्तुळकंस काढा म्हणजे विशालकंस मिळेल, आणि पी त्या कंसावर घ्या. बी ओलांडताच येणार नाही.

त्रिज्या :
ओलांडता आला नाही तर विशालकोनाचे उदाहरण दिसणार नाही आणि चक्रीय चौकोनाच्या (चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या चौकोनाच्या) वेळी तेच लागेल. 70 आणि 110 यांची बेरीज 180 होते, ही संधी का घालवायची?

फळा-खडू :
उद्यासाठी कंसाचा मार्ग घेतला आहे आणि तो चालतो. चक्रीय चौकोनाच्या आकृतीत 220 ठेवेन. आता एकच राहिले : पी कंसाच्या टोकाला, बरोबर बी वर नेला की कोन दिसेनासा होतो. हे सेटिंगमधून टाळता येईल का?

त्रिज्या :
नाही. तिथे पी आणि बी एकच बिंदू होतात, कोनाची एक भुजाच उरत नाही, मग सॉफ्टवेअर मोजणार काय? कंस काढताना बी ऐवजी बी च्या किंचित अलीकडे वर्तुळावर घेतलेला बिंदू वापरा आणि तो बिंदू लपवून ठेवा. दुसऱ्या टोकाला ए जवळही तसेच करा.