वेणी घालून घेताना

हात प्लास्टरमध्ये असल्यानं घरच्यांना मदतीसाठी सारखी हाक मारायचा संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. मलाही वाटायचा. हुरड्याच्या दिवसांत, परभणीकडच्या आमच्या शेतात, पहाटे दवानं ओल्या धुऱ्यावरून घसरले, हात टेकला आणि मनगट मोडलं. जाऊबाईंनी आधी बांगड्या-अंगठी काढली. सूज चढल्यावर कापावीच लागली असती. ६ आठवडे प्लास्टर. भाकरी थापणं सुटलं, त्याचं काही नाही (खरं तर बरंच वाटलं). पण सासूबाईंकडून वेणी घालून घेताना रडूच आलं. त्या म्हणाल्या, “मोतीबिंदूच्या वेळी माझ्या डोळ्यात थेंब कोण टाकत होतं गं?”

तुम्ही बोटं हलवत राहा, हात उशीवर उंच ठेवा. बोटं बधिर किंवा निळी वाटली तर लगेच डॉक्टर गाठा.

वेणी फार घट्ट होते, हे मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही.