गुडघ्याच्या इम्प्लांटवरही विमा कंपनी कात्री लावू शकते का?

सिंहगडरोडकर:
आईचा डावा गुडघा बदलला. आता पर्वतीची स्वप्नं पुन्हा पडायला लागलीत तिला! पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला ५,००० पर्यंत, आम्ही घेतली ८,००० ची. मग कंपनीने सगळंच बिल पाच-अष्टमांशावर आणलं, इम्प्लांटसकट. खोली महाग घेतली म्हणून गुडघ्यातला धातू महाग होतो का? शिवाय बिलात नुसतं ‘इम्प्लांट’ लिहिलंय, ब्रँड नाही.

बिलवाचक:
नाही लावू शकत. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२० च्या नियमांनुसार इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या या प्रमाणशीर कपातीतून (खोलीभाड्याच्या प्रमाणात बिल कापण्यातून) वगळल्या आहेत. डॉक्टरांची फी वगैरे कापली जाऊ शकते. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे. वकील लागत नाही.

सदाशिवपेठी आजोबा:
ब्रँड, बॅच नंबरसह वेगळं बिल मागाच, तो तुमचा हक्क आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, एनपीपीएने, कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या पूर्ण कृत्रिम गुडघ्याला ५४,७२० रुपयांची कमाल मर्यादा घातली, जीएसटी वेगळा. पण शस्त्रक्रियेच्या खर्चाला मर्यादा कुठाय? इम्प्लांटमधलं सुटलं ते पॅकेजमध्ये भरून काढतात, आपण बसा हिशेब मांडत.

बिलवाचक:
खरंय. ऑस्ट्रेलियात सरकारी यादीतल्या इम्प्लांटसाठी खासगी विमा कंपनीने किमान किती द्यायचं, हे ठरलेलं असतं. आपल्याकडे कमाल किंमत आहे, पण ‘एवढं द्यावंच लागेल’ असा आकडा नाही.

सिंहगडरोडकर:
आभार. उद्याच मेल टाकतो. इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर डिस्चार्जच्या फाइलीत सापडलं, ब्रँडसकट.