मुलांना आधी कणेरी दाखवावी की केळकर संग्रहालय?

रानवाट
लागोपाठ दोन शनिवार-रविवार आम्ही दोन संग्रहालयं पाहिली. आधी पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मग कोल्हापूरजवळ कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन, जुनं स्वयंपूर्ण खेडं पुतळ्यांनी उभं करणारं. सोबत दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासरे. माझं मत असं झालंय की लहान मुलांना आधी कणेरी दाखवावी, केळकर दोन-तीन वर्षांनी. यावरून घरातच दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडते.

केळकरमध्ये अडकित्त्यांपाशी मुलीने विचारलं, "हे कशाला?" सुपारी कातरायला, म्हटलं. पण तिने रोज पान खाणारं माणूसच जवळून पाहिलेलं नाही. पुढे अंग घासायची वज्री, शाईची दौत, लामणदिवा. प्रत्येक वेळी आधी ते घर आणि त्यातली माणसं शब्दांनी उभी करायची, मग वस्तू दाखवायची. तासाभरात माझा घसा बसला आणि मुलगा जमिनीवर बसला.

कणेरीत पुतळे सिमेंटचे आहेत, मान्य. पण लोहार त्याच्या भट्टीपाशी आहे, कुंभार चाकाशी. कोण काय करतंय ते मुलांनी आपलं आपण ओळखलं. शेतीच्या देखाव्यापाशी सासरे बैलांनी विहिरीतून पाणी काढायची मोट कशी हाकायची ते सांगू लागले. तिच्या दोरांपैकी नाडा कुठला, सोंदूर कुठला, बैल मागे मागे कसे आणायचे. पंधरा वर्षांत आम्ही हे त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

बोरू
पूर्ण असहमत.

सिमेंटच्या लोहाराने एकही घाव घातलेला नाही. केळकरांच्या संग्रहातल्या अडकित्त्याची मूठ कुणाच्या तरी हातात वर्षानुवर्षं फिरली आहे. हा फरक मुलांना कळत नाही असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच चुकतो.

शिवाय तिथली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही मुलांना सांगितलीत का? दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव दिलं ते त्या मुलाचं. आयुष्यभर गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या, २०,०००हून जास्त, आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतक्याच मायेने बायकांच्या फण्या, करंडे आणि स्वयंपाकघरातली भांडी जपणारा माणूस होता तो. हे दारातच सांगा, मग मूल प्रत्येक कपाटाकडे वेगळ्या नजरेनं बघतं. माझ्या भाच्याने परत येताना गाडीत एकच प्रश्न विचारला होता: "राजाची खेळणी पण आहेत का त्यात?"

रानवाट
बोरू, नावामागची गोष्ट मी सांगितली नव्हती. ती चूक माझीच. पण थकलेल्या सहा वर्षांच्या मुलाला मूठ कशी झिजली आहे ते काचेपलीकडून दिसत नाही हो.

बोरू
सगळं संग्रहालय एका दमात पाहू नका, हाच उपाय. आम्ही दोन दालनं घेतो. दिव्यांच्या दालनात मुलांना एकच काम: कुठल्या कुठल्या दिव्यांवर पक्षी आहेत ते शोधा. तासभर पुरतं. काच कशाला, तर हाताच्या घामातल्या क्षारांनी पितळ-तांब्यावर डाग चढतात. सगळ्यांनी हाताळलं असतं तर तुमच्या मुलांपर्यंत ते पोचलंच नसतं.

ऐरण
मला दोघांनाही थोडं थांबवायचं आहे.

आमचं घराणं लोहाराचं. आजोबा बलुतेदार, म्हणजे गावाचं काम करून धान्यात मोबदला, बलुतं, घेणारे. "स्वयंपूर्ण खेडं" हे शब्द मी कुठेही ऐकले की मला ते आठवतात. वर्षभर नांगराचे झिजलेले फाळ पुन्हा टोकदार करायचे, विळे-खुरपी करायची आणि मोबदला सुगीत, खळ्यावर. किती पायल्या मिळायच्या ते देणाऱ्याच्या मर्जीवर. पाऊस गेला की काम तेवढंच, बलुतं मात्र अर्धं. आमचं निदान गावकुसाच्या आत होतं. महारकी करणाऱ्यांच्या वाट्याला काय होतं ते वेगळं सांगायला नको. ते वतन, म्हणजे पिढीजात गावकाम, ही गुलामी आहे हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं.

कणेरी जरूर दाखवा. मीही दाखवली. पण देखाव्यात माणूस कामाशी बसलेला असतो, त्याला त्याचं काय मिळालं ते देखाव्यात कसं दिसणार? ते बरोबरच्या मोठ्या माणसालाच सांगावं लागतं.

पिंपळपान
ऐरण, तुमचं दुःख खरं आहे, पण सहा वर्षांचं पोर रविवारी फिरायला आलंय. त्याला खळ्यावरचा अन्याय सांगायचा? आधी गोडी लागू द्या.

ऐरण
सहा वर्षांच्याला नका सांगू. दहा वर्षांच्या मुलीला सांगा. तिला कळतं. मी तिच्याएवढा असताना मला कळत होतं.

करंडा
पुण्यात आहात तर तिसरी जागा विसरताय. केळकर संग्रहालय पाहून कसब्यातल्या तांबट आळीत जा. फार लांब नाही. तिथे मठारकाम चालतं. भांड्याच्या अंगावर हातोडीने ओळीने ठोके घालतात. नुसती नक्षी नव्हे, ठोक्यांनी पत्रा कडक होतो, भांड्याला सहज पोचा पडत नाही. आधी आवाज येतो, मग माणूस दिसतो. माझी मुलं ठोके मोजत उभी होती. जुनी वस्तू काचेत पाहिली आणि दोन तासांनी तशीच वस्तू घडताना पाहिली, तर आधी-नंतरचा वादच राहत नाही. आणि एखादं भांडं विकत घ्या. कारागीर कौतुकाने जगत नाही.

बोरू
हे पटलं. पण त्यातही सुरुवात केळकरपासूनच, एवढं लक्षात घ्या.

रानवाट
ऐरण, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खळ्यावर माप आमच्या वडिलांच्या हातात असायचं. मी शेजारी उभा असायचो. लोहार दरवर्षी 'अजून थोडं घाला' म्हणायचा, आणि वडील हसायचे. मीही हसायचो." मुलगी तिथेच होती. तिने विचारलं, "मग घातलं का अजून?" ते म्हणाले, "एखाद्या वर्षी."

लहानांना आधी कणेरी, हे माझं मत अजून तेच आहे. तिथे गेलो नसतो तर मोटही निघाली नसती आणि खळंही. पण दिवाळीच्या सुट्टीत केळकरला पुन्हा जातोय, या वेळी दोनच दालनं, आणि तिथून तांबट आळी. सासरे येणार आहेत.

बोरू
दिव्यांचं दालन नक्की घ्या. पक्षी किती सापडले ते कळवा.