मदत हवी आहे : पोकळ गोळ्याच्या आत भिंतीजवळही गुरुत्व शून्य कसं?

मंडळी, अडकलोय. अमळनेरला घरीच अकरावीच्या शिकवण्या घेतो. मूळचा केमिस्ट्रीवाला, फिजिक्स गळ्यात पडलंय. 'पोकळ गोलाच्या आत कुठेही गुरुत्वबल शून्य' असं फळ्यावर लिहून पुढे निघालो, तर एक मुलगी म्हणते, "सर, मधोमध शून्य कळतं. पण भिंतीला चिकटून उभं राहिलं तर जवळची भिंत जास्त ओढणार ना?"

"उद्या सांगतो" म्हटलं, त्याला आज तिसरा दिवस. इंटिग्रेशन मांडलं की शून्य येतं, पण ते पोरांचं अजून झालेलं नाही, आणि खरं सांगू का, मलाही ते आतून पटलेलं नाही. मांडे (पुरणपोळ्या) भाजायची मातीची दोन वाटीसारखी खापरं (एक आमचं, एक शेजारच्या काकूंचं) तोंडाला तोंड लावून समोर ठेवलीत आणि बघत बसलोय. शिवाय एक पोरगा विचारतो, लोखंडी गोळ्यात बसलं तर तरंगू का?

प्रतिसाद १
भो, न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात हे नुसत्या भूमितीने सोडवलंय. गोळा १० मीटर व्यासाचा धरा. मुलगी एका भिंतीपासून १ मीटरवर, समोरची भिंत ९ मीटरवर. तिच्या हातात दोन सारख्या बॅटऱ्या, पाठीला पाठ लावून. जवळच्या भिंतीवर रुपयाएवढा उजेड पडला तर लांबच्या भिंतीवर ताटलीएवढा पडेल. अंतर ९ पट, म्हणून क्षेत्रफळ ८१ पट, तेवढ्या भागाचं वस्तुमानही ८१ पट. पण ओढ अंतराच्या वर्गाने घटते, म्हणजे ८१ पट कमी. फिट्टंफाट! जवळची भिंत जोरात ओढते, पण ती असते थोडीच.

धागाकर्ता
हे झकास. पण बॅटरी तिरकी धरली की उजेड लांबुळका होतो, त्याचं काय?

प्रतिसाद १
होतो, पण दोन्हीकडे सारखाच तिरका. जीवा वर्तुळाला दोन्ही टोकांशी सारख्याच कोनात छेदते ना? म्हणून प्रत्येक दिशेची जोडी मिटते. हे एकसारख्या जाडीच्या गोळ्यातच चालतं, घागरीत नाही.
तरंगायचं म्हणाल तर नाही. शून्य होते ती गोळ्याच्या स्वतःच्या भिंतीची ओढ. पृथ्वीची ओढ लोखंडातून सरळ आत येते, तिला कशानेच आडोसा करता येत नाही.

धागाकर्ता
आणि वरचं खापर उचललं तर?

प्रतिसाद २
मग शून्य गेलं. खापर अगदी अर्धा गोळा आहे असं धरू (नसतं, पण असो). उरलेलं खापर आपल्या बुडाकडे ओढणार. गंमत पुढे आहे : तोंडाच्या सपाट पातळीत कुठेही, अगदी काठाला खेटूनही, त्याची ओढ सरळ काटकोनात खालीच जाते, काठाकडे जरासुद्धा नाही. काठाकडे ओढत असतं, तर वरच्या खापरानेही तिकडेच ओढलं असतं. मग दोघांची बेरीज शून्य कुठून आली असती?

धागाकर्ता
हे दोनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. उद्याच्या बॅचसाठी दोन बॅटऱ्या काढून ठेवल्यात. खापरं मात्र आत्ताच परत द्यावी लागली, काकूंकडे पाहुणे आलेत, मांड्यांचा बेत आहे.