इंजिन बंद पडलं तर मागे वळायचं की समोरच्या रानात उतरायचं?

विमानवेडा: जुलै २०२२ मध्ये बारामतीहून एकटीच सरावाला निघालेल्या मुलीचं सेसना १५२ विमान इंजिनाची ताकद गेल्यामुळे इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या रानात आलं. ती वाचली. काल कट्ट्यावर एकजण म्हणाला, "विमानतळाकडंच वळायचं." मला हे पटत नाही. इंजिन गेलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. असलं छोटं विमान हजार फुटांवरून साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं. पण उड्डाण करताच, पाचशे फुटांवर बंद पडलं तर नाक खाली घालायचं, वेग सांभाळायचा आणि समोरच उतरायचं.

जुळे सोलापूरकर: समोर रान असेल तर ना! आपल्या सोलापूर विमानतळाजवळ होटगी रोडला आता घरंच घरं. मागं धावपट्टी मोकळी असताना लोकांच्या डोक्यावर जायचं?

विमानवेडा: लोकांसाठीच म्हणतोय. धावपट्टीच्या रेषेत परत यायला १८० अंशांपेक्षा जास्त वळावं लागतं. वळताना ४५ अंश कललं की विमान हवेत टिकायला लागणारा किमान वेग १९ टक्क्यांनी वाढतो. तेवढा वेग नसला की ताबा सुटतो आणि विमान त्याच घरांवर कोसळतं. ताब्यातलं विमान निदान दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत तरी नेता येतं.

मोहोळचा शेतकरी: रान बघितलंय का तुम्ही? ऊस डोक्याच्या वर, मधी विजेच्या तारा, बांध, विहिरी. नांगरटीत चाक रुतलं की विमान पालथं. ज्वारी काढलेलं रान मिळालं तर नशीब. तरी वळू नये हे मला पटतंय.

जुळे सोलापूरकर: बरं, पाचशे फुटांचं मान्य. हजाराच्या वर असेल तर वैमानिकानं ठरवावं. पण मग माझं ऐका. १५ जून २०२३ ला विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांसाठी पाडली. इथून गोव्याला जाणारं विमान दोन इंजिनांचं, एक गेलं तरी दुसऱ्यावर चढतं. उद्या इथं एका इंजिनाची सरावाची विमानं आली, तर धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढची जमीन मोकळी नको का?

कारखान्याचा सभासद: चिमणी पाडली तेव्हा आम्ही सोसलं. आता प्लॉटही मोकळे ठेवायचे? आयुष्याची कमाई घातलीय ओ लोकांनी. सरावाची विमानं गावापासून लांब उडवा.

जुळे सोलापूरकर: मोबदला देऊन जागा घ्या म्हणतोय मी, फुकट नाही.