सल्ला हवा: थोरल्या आजोबांची महायुद्धातली मजूर पलटण कशी शोधावी?

रानपाखरू
नमस्कार मंडळी. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ (घरात सगळे त्यांना आबा म्हणत) दुसऱ्या महायुद्धात ‘बर्माकडे रस्ते करायला’ गेले होते, एवढंच आम्हाला पक्कं माहीत आहे. बंदुकीच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. फावडं, कुदळ, पाऊस आणि जळवा, बस्स. ‘मणिपूर रोड’ हे नाव मात्र सारखं तोंडी असे. पिवळ्या गोळ्या खाऊन अख्खी पलटण हळद लागल्यासारखी दिसायची, असंही सांगत. पेन्शन नव्हती, मूलबाळ नव्हतं. घरात एक काळपट तारा आणि एक गोल पदक आहे, कागद एकही नाही. आमचं गाव सांगली जिल्ह्यात. त्यांची तुकडी कोणती, भरती कधी झाली, होते नेमके कुठे, हे शोधायचंय. सुरुवात कुठून करू? वंशावळीच्या परदेशी साइटवर पैसे भरून काही हाती लागेल का?

पायवाट
पैसे आत्ताच भरू नका. त्या साइटवर गोऱ्या अधिकाऱ्यांचं भरपूर असतं, आपल्या साध्या शिपाई-मजुरांचं फारच थोडं.

आधी पदकं हातात घ्या. ब्रिटिश सैनिकांना या युद्धाची पदकं कोरीच मिळाली, पण भारतीयांच्या पदकांवर नाव ठोकून दिलेलं असे. गोल पदक असेल तर कडेवर बघा, तारा असेल तर मागच्या सपाट बाजूला. आधी नंबर, मग हुद्दा, नाव आणि शेवटी तुकडीचं लघुरूप. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च आडवा धरा आणि कड थोडी थोडी फिरवत फोटो काढा. आणि कृपा करून चिंच, रांगोळी, ब्रासो यातलं काहीही लावू नका! माझ्या ओळखीच्या एका घरी दर दसऱ्याला पदक घासून घासून नावच गुळगुळीत केलंय.

चहाबाज
एवढं कशाला? 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका की लष्कराला.

निवृत्त हवालदार
राम राम. टाका, पण कुठे? लष्कराचं एकच दफ्तर नसतं, प्रत्येक रेजिमेंटचं आणि कोअरचं अभिलेख कार्यालय वेगळं. ‘महायुद्धात होते, माहिती द्या’ असा अर्ज फिरत फिरत परतच येतो. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं सेवा संपल्यापासून 25 वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, तेव्हा आबांची फाइल मिळायची आशा धरू नका. लाँग रोल नावाची मोठी नोंदवही मात्र जपून ठेवतात. त्यात नाव, भरती, सेवासमाप्ती असं एका ओळीत सापडू शकतं. नंबर असेल तरच सापडतं, म्हणून आधी पदक वाचा.

रानपाखरू
वाचलं! ताऱ्याला सहा टोकं आहेत, पुढे ‘बर्मा स्टार’ लिहिलंय. मागे नंबर, आबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि आय. पी. सी. पण आडनाव कुठेच नाही. दुसऱ्या कुणाचा तारा आमच्या घरी आला असेल का?

पायवाट
तुमचाच आहे. त्या काळी भरतीला स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहून घ्यायची रीत सर्रास होती. आय. पी. सी. म्हणजे इंडियन पायोनियर कोअर. रस्ते, विमानाच्या धावपट्ट्या, रेल्वेवरची चढ-उतार ही त्यांची कामं. मणिपूर रोड हे आताच्या नागालँडमधल्या दिमापूरच्या रेल्वे स्टेशनचं त्या वेळचं नाव. इंफाळकडे जाणारा सगळा माल तिथे उतरे आणि पुढे कोहिमावरून ट्रकने जाई. पिवळ्या गोळ्या मेपाक्रिनच्या, हिवतापावरच्या. कातडी पिवळी पडायची हे खरंच आहे. आबांच्या आठवणी नीट लिहून काढा, कागदाइतक्याच कामाच्या आहेत.

एक लक्षात ठेवा. बर्मा स्टारसाठी ब्रह्मदेशातच असावं लागे असं नाही, आसामच्या बाजूची सेवाही त्यात धरली जाई. तेव्हा ताऱ्यावरून ते सरहद्दीपलीकडे गेले होते असं ठरवून टाकू नका.

निवृत्त हवालदार
आता अर्ज कुठे करायचा ते कळलं. पायोनियर कोअरचं अभिलेख कार्यालय बेंगळुरूला. नंबर जसाच्या तसा लिहा. नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे द्या, नात्याचा पुरावा जोडा. जिल्हा लिहिताना सांगली लिहून थांबू नका. तो जिल्हा झाला 1949 मध्ये, तोही दक्षिण सातारा या नावाने. आबांच्या भरतीच्या कागदावर सातारा असणार, किंवा गाव संस्थानी मुलखात असेल तर संस्थानाचं नाव.

शिवाय जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी कराच. दुसऱ्या महायुद्धातल्या विनापेन्शन सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मासिक मदत देतं. आबांच्या पत्नीने कधी अर्ज केला असेल तर सेवामुक्तीच्या दाखल्याची नक्कल त्या फाइलला जोडलेली असू शकते.

रानपाखरू
मोठी आजी शेवटपर्यंत तालुक्याला ‘मिलिटरीचे पैसे’ आणायला जायची असं आई म्हणते. म्हणजे हेच असावं! सोमवारी काका जाऊन विचारणार आहेत.

कोकणकडा
माझे पणजोबा पहिल्या युद्धात बसऱ्याला मजूर म्हणून गेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हजच्या साइटवर शोधलं, काही नाही.

पायवाट
ते परत आले असतील तर तिथे नसणारच. ती यादी फक्त मृतांची आहे, आणि तीही 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातली. घरी काशाच्या रंगाचं युद्धपदक आहे का बघा. लढाऊ शिपायांना ते चांदीचं मिळालं, मजूर आणि हमाल तुकड्यांना त्याच छापाचं काशाचं. म्हणजे धातूवरूनच कोण कुठला ते कळतं. मला तर हा सरळसरळ पंक्तिभेद वाटतो.

रानपाखरू, तुमच्यासाठी शेवटचा टप्पा म्हणजे कंपनीचा, म्हणजे कोअरमधल्या आबांच्या छोट्या तुकडीचा, आकडा. तो मिळाल्याशिवाय लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे जाऊ नका. आग्नेय आशियातल्या फौजांच्या युद्ध-रोजनिश्या तिथे डब्ल्यूओ 172 या मालिकेत आहेत. कंपनीची रोजनिशी निघाली तर कोणत्या महिन्यात मुक्काम कुठे, काम काय, हे कळतं. आबांचं नाव त्यात दिसायची शक्यता कमी, अशा रोजनिश्यांत साध्या जवानाचं नाव क्वचितच येतं. नक्कल मागवायला पैसे पडतात, आधी यादीत कंपनी आहे का ते बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ फुकट आहे, तिथेही शोधून ठेवा. शब्द इंग्रजीतच टाका.

चहाबाज
वाचनखूण साठवली. माझा 10 रुपयांचा सल्ला अगदीच वाया गेला नाही म्हणायचं.

निवृत्त हवालदार
नाही गेला, फक्त पत्ता चुकला होता. रानपाखरू, काकांना सांगा, दाखला मिळाला तर नुसता पुढून फोटो काढून येऊ नका. मागची बाजूही घ्या, सेवेच्या आणि पदकांच्या नोंदी कधी कधी तिकडे असतात. आणि जुना मूळ कागद कुणी हाती दिला तर तो लॅमिनेट करू नका.