‘पिट्सबर्ग’मधला ‘एच’ गाळलेला नाही

एकांनी बेसबॉलपटू होनस वॅगनरच्या टी२०६ (जुन्या बेसबॉल कार्डांची एक मालिका) कार्डावर त्याच्या संघाच्या ‘पिट्सबर्ग’ शहराच्या नावाशेवटी ‘एच’ नाही, म्हणून त्यावर ‘छपाईची चूक’ असं लेबल लावावं असं सुचवलंय. कृपया तसं करू नका. १८९० च्या दशकापासून १९११ पर्यंत शहराचं सरकारी स्पेलिंगच ‘एच’शिवाय होतं आणि ही कार्डं १९०९ ते १९११ मधली, सिगारेटच्या पाकिटातून आलेली. तेव्हा ते बरोबरच आहे. उलट तिथे ‘एच’ दिसला तर शंका घ्यावी.

खऱ्या चुका वेगळ्या. शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनावात ‘ई’च्या जागी ‘आय’ पडला, ती एक. दुसरी मला फार आवडते: जो डॉइल खेळायचा न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगच्या संघात, पण नावापुढे छापलं नॅशनल लीग, कारण न्यूयॉर्कच्याच नॅशनल लीगच्या संघात लॅरी डॉइल होता! पुढे ‘नॅशनल’ काढून नुसतं ‘एन. वाय.’ (न्यूयॉर्क) ठेवलं. ‘नॅशनल’च्या लघुरूपाच्या त्या चार-पाच अक्षरांवर सगळी किंमत, त्यामुळे ती मागाहून उमटवलेली नाहीत ना, हे आधी बघा.

लेबलवर कार्डाच्या मागच्या बाजूचा सिगारेटचा ब्रँड लिहायलाच हवा. पीडमाँट, स्वीट कॅपोरल भरपूर सापडतात, ड्रम किंवा उझिट क्वचितच.

आणि भिंग घ्याच. खालचं नाव मूळ कार्डावर सलग तपकिरी शाईत असतं. तीच अक्षरं रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसली, तर ती नक्कल.